गुंडोअण्णा इंजिन ऐकतात

बसवनगुडीत राहणाऱ्या गुंडोरावांना पाहून कुणाला वाटायचं नाही की या माणसाच्या एका शब्दावर गाड्यांचे सौदे ठरतात नि फिसकटतात. काटकुळा देह, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि भाजीवालीशीही अहोजाहो. पण जुनी गाडी घ्यायची म्हटली की अख्खं गणगोत आधी त्यांच्या दारात. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेली ही मराठी घराणी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ कुठं होते ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. तर या गणगोतात असा रिवाज पडला होता की गाडी कुठलीही असो, गुंडोअण्णांनी इंजिन ऐकायचं आणि ‘सरी’ म्हणायचं. सरी म्हणजे ठीक आहे. अण्णांनी एकदा सरी म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ. मग मेकॅनिक बोलवायचा नाही, दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. विचारलं तर तो अण्णांचा अपमान.

हा मान काही फुकटचा नव्हता. सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात विमानांची इंजिनं तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली. कानांवर घालायला जाडजूड कवचं मिळायची. बाकीचे ती मुकाट्यानं घालत. गुंडोराव मात्र एका बाजूचं कवच हळूच वर सरकवायचे. ‘पाहुणा बोलतोय आणि आपण दार लावून घ्यायचं, हे कुठलं शहाणपण?’ असं म्हणायचे. साहेब ओरडायचे, हे हसायचे. आणि खरोखरच, मीटरच्या काट्याला कळायच्या आधी बेअरिंगचा बिघाड त्यांना कळायचा. त्याची किंमत मात्र कानांनी मोजली. ते हळूहळू बहिरे होत गेले.

हे बहिरेपण मोठं लबाड असतं. जाड आवाज जागच्या जागी ठेवतं आणि बारीक आवाज तेवढे उचलून नेतं. बसचा हॉर्न ऐकू येतो, कुकरची शिट्टी येत नाही. पुरुषांचं बोलणं समजतं, बायकामुलांचं अर्धं अंदाजानं भरून काढावं लागतं. गुंडोरावांना हे कळत नव्हतं असं नाही. पण कानाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे गणगोतात बोभाटा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांची बायको वसुमती याहून वस्ताद. ती त्या मुठीवर आपलाही हात ठेवून बसली होती. बेल वाजली की मोठ्यानं म्हणायची, “कोण आलंय बघा हो.” नवराबायकोत याविषयी एक अक्षर कधी झालं नव्हतं.

गेल्या वर्षी मामेभाऊ श्रीवत्सनं अण्णांच्या शब्दावर घेतलेली गाडी थोड्याच दिवसांत गॅरेजात जाऊन बसली. गुंडोरावांनी दोष पेट्रोलातल्या इथेनॉलवर ढकलला, आणि श्रीवत्सनं तो मानलाही. अण्णांचं चुकेल कसं? पण तेव्हापासून कुणी गाडीचं नाव काढलं की गुंडोराव विषय बदलायचे.

आणि नाव काढलं ते नेमकं हर्षितानं. हर्षिता त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती शाळेत होती. तिचं शिक्षण, तिची आजारपणं, तिची पहिली सायकल, सगळं अण्णांच्या हातून झालं. आता ती मारतहळ्ळीत राहते, सॉफ्टवेअरच्या कंपनीत राबते आणि रोज संध्याकाळी रिंग रोडवर ताटकळते. ज्या शहरात चालणारा माणूस गाडीला मागं टाकतो, त्या शहरात या पोरीला हौस कसली, तर दोन दारांच्या स्पोर्ट्स कूपेची! तीही जुनी, कारण नवी परवडण्यातली नाही.

“नाकापेक्षा मोती जड,” वसुमती म्हणाली.

“काकू, रविवारी सकाळी म्हैसूरचा रस्ता मोकळा असतो. एकटीनं सुसाट जायचं आणि इडली खाऊन परत यायचं. आठवड्यात तेवढंच माझं असं असेल.” मग ती गुंडोरावांकडे वळली. “अण्णा, दोन गाड्या बघून ठेवल्यात. तुम्ही ऐका. तुम्ही सरी म्हणाल ती घेणार.”

एकटीनं आणि सुसाट. हे दोन शब्द गुंडोरावांना अगदी स्वच्छ ऐकू आले.

दोन्ही गाड्या कोरमंगलाच्या एका दुकानात होत्या. एक लाल, चार सिलिंडरांची, टर्बो. दुसरी राखाडी, वयानं मोठी, सहा सिलिंडरांची, बिनटर्बोची. हर्षिताचा जीव लालवर होता. गुंडोरावांनी तिला समोर बसवून प्रवचनच दिलं. “टर्बो म्हणजे उसनं अवसान. इंजिन लहान, आणि हवा कोंबून त्याच्याकडून मोठ्याचं काम करवून घ्यायचं. नवं असताना ठीक आहे. आधीच्या मालकानं त्याला किती पिळलंय, कुणास ठाऊक. सहा सिलिंडरचं इंजिन म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. त्याला घाई नाही, ते म्हातारंही सावकाश होतं.”

बोलणं खोटं नव्हतं. पण घराणं चांगलं म्हणून मुलगा चांगला निघतोच असं नाही, हे लग्नं जमवणाऱ्या कुणालाही विचारा. आणि आतली गोष्ट अशी की इंजिनाचा प्रकार निवडायला कान लागत नाहीत, वाचलेल्यावर भागतं. म्हणूनच गुंडोराव त्या बाजूनं अंमळ जास्त जोरात बोलत होते.

शनिवारी सकाळी वसुमतीसह तिघं दुकानात पोचले. गुंडोरावांनी आधीच निरोप धाडला होता, आम्ही येईपर्यंत गाड्या सुरू करू नका. गरम इंजिन आपले दोष पोटात घालतं. थंड इंजिन पहिल्या श्वासाला खरं बोलतं. त्यांनी दोन्ही बॉनेटांवर तळवा ठेवून बघितलं. गार. तेलाचं झाकण उघडून आत साय धरलीय का पाहिलं, पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडातून फिरवला. दुकानातला विक्रेता प्रणीत हे सगळं देवळातली पूजा बघावी तसा बघत राहिला. अशी गिऱ्हाइकं आता येत नाहीत. आता लोक मोबाइलवरून गाडी घेतात.

लाल गाडी सुरू झाली. गुंडोरावांनी डोळे मिटले. “चांगली आहे,” ते म्हणाले, “पण उसनं ते उसनंच.” हर्षितानं लाल गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि ती बाजूला झाली.

मग राखाडी. प्रणीतनं बटण दाबलं. गुंडोरावांचा तळवा बॉनेटवर होता. खालून भरदार घुमणं आलं, थरथर मऊ आणि एकसारखी. त्यांनी डोळे उघडले. हर्षिता टक लावून त्यांच्याकडेच बघत होती. भुवया वर चढलेल्या, तोंड किंचित उघडं. लहानपणी निकालाच्या दिवशी ती अशीच बघायची. गुंडोरावांना तिची माया आली.

“सरी,” ते म्हणाले.

भुवया खाली आल्या. ती हसली, पण क्षणभर उशिरानं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद करायचे, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी बाहेर काढायची, असं ठरलं. परतताना डोसा खायला थांबले, तेव्हा गुंडोराव तिघांच्या वाटचं एकटेच बोलले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर वसुमती ओट्याशी उभी राहून मोबाइल बघत होती. हर्षितानं गाडी सुरू होतानाचा व्हिडिओ घरातल्या सगळ्यांना पाठवला होता. वसुमतीनं तो एकदा पाहिला, मागं नेला, परत पाहिला. नवऱ्याची चाहूल लागली तसा मोबाइल पालथा घातला.

“काय गं?”

“काही नाही हो.”

“वसू, काय?”

ती पदराशी चाळा करत राहिली. “तो सुरुवातीचा आवाज… त्या इंजिनाचा तसा असतोच ना?”

“कसला आवाज?”

वसुमतीनं व्हिडिओ लावला. गुंडोरावांनी मोबाइल कानाशी धरला, दुसऱ्या कानाशी धरला. तेच भरदार घुमणं. “कसला आवाज?” त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्यांचा स्वर त्यांनाच ओळखू आला नाही.

“सुरू होतं तेव्हा, स्वल्पच. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसं करकरतं. मग थांबतं.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या जातीच्या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी, मागच्या बाजूला असते. ती सैल पडली की थंड इंजिन सुरू होताना अशी करकरते आणि तेलाचा दाब आला की गप्प होते. मग एखाद्या दिवशी ती दाता चुकवते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि धावत्या गाडीत इंजिन जागीच संपतं. रविवारी सकाळी म्हैसूरच्या रस्त्यावर मागून ट्रक येत असताना.

“तू तिथंच का बोलली नाहीस?”

“तुम्ही सरी म्हणालात. मला वाटलं, असेल तसाच.”

“आणि हर्षी? तिला ऐकू गेला?”

“गेला की. म्हणून तर तुमच्या तोंडाकडे बघत होती.”

गुंडोराव स्टुलावर बसले. त्या वर चढलेल्या भुवया आता त्यांना नीट वाचता आल्या. पोरीला धडधडीत ऐकू आलं होतं. तिनं आपले दोन तरुण, धडधाकट कान खोटे मानले आणि या म्हाताऱ्याचे खरे मानले. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की वसुमतीकडे बघवेना.

“दुसरं काही कारण सांगा,” वसुमती हळूच म्हणाली. मग लक्षात येऊन मोठ्यानं म्हणाली. “म्हणावं, विचार बदलला. तुला लाल आवडते ना, मग लालच घे.”

सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही. गुंडोरावांच्या मनात कारणं तयारच होती. जुन्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत. दोन दिवस जाऊ दे. ग्रह बरे नाहीत. त्यांनी हर्षिताचा नंबर लावलासुद्धा. आणि घंटी वाजत असताना त्यांना उमगलं की लाल गाडीही आपण याच कानांनी ऐकली. त्या टर्बोत काय शिट्टी आहे, काय घासतंय, यातलं काहीही आपल्याला ठाऊक नाही. ही नको म्हणून ती घे म्हणालो, तरी पोर आपल्याच शब्दावर बसून जाणार. आज ही, उद्या आणखी कुणी. कुठल्याही कारणानं ही मूठ आता झाकून राहणार नव्हती.

पलीकडून फोन उचलला गेला.

“हर्षी, ती राखाडी गाडी घेऊ नको,” गुंडोराव म्हणाले. “चेन गेलीय तिची. आणि लालही माझ्या सांगण्यावरून घेऊ नको. चांगला मेकॅनिक ने, त्याला दाखव. मला ऐकू येत नाही, बाळा. बारीक आवाज काही म्हणजे काहीच येत नाहीत. पुष्कळ वर्षं झाली. सकाळी तुला जे ऐकू आलं तेच खरं होतं. मी तिथं नुसता उभा होतो.”

पलीकडून काहीतरी बारीक आलं, तुटलं, पुन्हा आलं. एरवी त्यांनी “बरं, बरं” म्हणून फोन ठेवला असता. आज त्यांनी तो वसुमतीपुढे धरला.

“काय म्हणते बघ. मला कळत नाही.”

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलले. वसुमतीनं फोन कानाला लावला आणि ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

“काय म्हणते?”

“काही म्हणत नाही. रडतेय.”

“गाडीसाठी?”

वसुमती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, तिचे ओठ त्यांना नीट दिसतील अशी.

“नाही हो,” ती म्हणाली. “गाडीसाठी कोण रडतंय!”