वैशालीच्या पेशी आणि माझा जळफळाट

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात बायॉलॉजीच्या स्टाफरूममध्ये कपाटं कमी अन् किस्से जास्त. त्यातले निम्मे वैशालीचे. ती आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची, मी तुळजापूरची. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो, आणि त्याच दिवसापासून मी तिच्यावर जळते!

*

पेशी प्रथिनं कशी बनवते, हे मी आठवडाभर शिकवलं. पोरं माना डोलवत होती. मग मला ताप आला अन् तास वैशालीनं घेतला.

"पेशीला उन्हाचा चटका बसला की ती रोजची प्रथिनं बनवायचं थांबवते. दुरुस्तीची तेवढी चालू ठेवते."

एक पोरगी म्हणाली, "म्हंजी वादळात पत्रे उडाले की आमी सगळी कामं सोडून आधी पत्रे बसवतो, तसं?"

"व्हय, तसंच!"

मी परत आले तर तीच पोरगी मला म्हणते, "मॅडम, तुमी काय शिकवत होता ते आता कळलं!"

*

तिची पीएच.डी.सुद्धा याच विषयावर. ज्वारीची कोवळी रोपं तापवलेल्या पेटीत ठेवायची अन् पेशी काय करतात ते बघायचं. एकदा ऐन प्रयोगात लाईट गेली. पेटी थंड! मी वरवर "अरेरे" म्हणाले. आतून गार वाटलं.

ती घड्याळ बघत म्हणाली, "बरं झालं! ताण गेल्यावर प्रथिनं पुन्हा कधी सुरू होतात, ते बघायचं राहिलंच होतं."

त्यावर तिचा पेपर छापून आला. आमची लाईट गेली की नुसतं दूध नासतं!

*

सोलापूरच्या परिषदेला दोघींची नावं गेली. एचओडी सर हसतच आले. "अभिनंदन, दोघींनाही बोलावलंय!"

मला लई आनंद झाला.

"वैशाली बोलणार," सर म्हणाले, "अन् तुम्ही तिच्या स्लाईड पुढं सरकवायच्या!"

*

तिच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचे वडील आयसीयूत गेले. ती दवाखान्यातून थेट हॉलमध्ये आली. परीक्षकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सोपाच प्रश्न टाकला, "पेशीवर ताण आला की पहिल्यांदा काय बंद पडतं?"

वैशालीनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. मागच्या बाकावर बसलेल्या मला उत्तर येत होतं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती अडली होती.

"मॅडम?" परीक्षक म्हणाले.

तिनं पदरानं डोळे टिपले. "बोलणं, सर."

"उत्तीर्ण!" म्हणत परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. पहिली टाळी माझ्याच हातून वाजली, अन् मलाच माझा राग आला!