झेंडूचा दोरा

दसऱ्याला बेगम बाजारातून झेंडू घरी आणला की त्याच्या उग्र वासामागून मला अजूनही गाडीच्या इंजिनातल्या तापलेल्या कूलंटचा गोडसर वास येतो.

तेव्हा बाबांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. आम्ही सगळेच थकलो होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी डायलिसिससाठी बरकतपुऱ्याहून निघालो आणि दिलसुखनगरच्या गर्दीत गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. आई त्यांना पदराने वारा घालत होती.

जवळच्या मेकॅनिकने एसी लावून पाहिला; एसी लागला की इंजिन थंड करणारा पंखाही फिरायला हवा. "फॅन घूमराच नै साब," म्हणाला. मग वाकून त्याने पंख्यात गुरफटलेला दोरा ओढून काढला. त्याला झेंडूच्या करपलेल्या पाकळ्या चिकटल्या होत्या. पंखा अडकून फ्यूज उडाला होता.

गाडीच्या पूजेची माळ आईने पुढच्या जाळीवर बांधली होती. मी तिच्यावर खेकसलो, "टोकं आत कशाला बांधायची?"

"सारखी दवाखान्याच्या वाटेवर असते गाडी," ती हळूच म्हणाली. "माळ सुटू नये म्हणून बांधली रे."

नवा फ्यूज बसला, पंखा फिरला, आम्ही उशिरा का होईना पोचलो.

आता दोघंही नाहीत. यंदा माळ हातात घेऊन गाडीपुढे उभा राहिलो आणि आठवलं, टोकं आत बांधता यावीत म्हणून बॉनेट मीच उघडून दिलं होतं. आईला ते त्या दुपारीही ठाऊक होतं.