विमलबाईंच्या पडवीतला मर्ज सॉर्ट

आमचा हर्षददादा कॉम्प्युटर सायन्सला आहे आणि त्याच्या लक्षात काही राहत नाही. हे तोच सांगतो, दर वेळी नव्याने.

नोट्ससाठी त्याने पहिलं ॲप घेतलं आणि आठवडाभर विषयांना रंग दिले. डेटा स्ट्रक्चर्सला मोरपंखी. दुसरं ॲप फ्लॅशकार्डांचं. आपण जे विसरत आलोय तेच कार्ड ते पुढे करतं. दादा सगळंच विसरत आलेला, त्यामुळे फोन दिवसभर किरकिरायचा.

डेटा स्ट्रक्चर्सच्या तोंडी परीक्षेत तो दोनदा आपटला. आता आपटला की वर्ष गेलं. मग कुठल्याशा व्हिडिओत त्याला युक्ती सापडली: ओळखीच्या घरात जागोजागी एकेक मुद्दा ठेवायचा आणि मनातल्या मनात फिरून उचलायचा. आमच्या दोन खोल्यांत अभ्यासक्रम मावेना, म्हणून त्याने शेलूतली आमची अख्खी आळीच घेतली. नळावरच्या हंड्यांत क्यू, आबाजींच्या चिंचेवर ट्री, विमलबाईंच्या पडवीत मर्ज सॉर्ट, म्हणजे विस्कटलेली यादी क्रमाने लावायची रीत.

रोज सकाळी तो एकेका दारासमोर थांबून पुटपुटायचा. तेव्हा आळीत बिल्डरची माणसं फिरत होती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, पोराला दलालांनी फोडला. विमलबाईंनी त्याला गाठलाच.

"काय रं, माझी पडवी मोजतोस? कोनी पाठवला तुला?"

"काकी, तुमच्याकडं माझा मर्ज सॉर्ट हाय."

"माझ्याकडं कोनाचं काय नाय. तुझ्या आयशीला इचार, तिनं नेला आसंल."

परीक्षा तोंडावर आली आणि विमलबाईंनीच बिल्डरला होकार दिला. जेसीबी आला, पडवी गेली. ढिगाऱ्यापाशी दादाचं तोंड असं झालं की विमलबाईच त्याची समजूत काढायला आल्या. म्हणाल्या, येवढा जीव नको लावू रं, आमाला टू बीएचके मिलनार हाय.

सरांनी नेमका मर्ज सॉर्टच विचारला. हे सर नाकात बोलतात आणि प्रत्येक वाक्याला 'बरं का' लावतात. दादा मनात आळीतून निघाला. नळ आला, चिंच आली, पुढे नुसती माती.

"सर, ते घर पाडलं."

"कुणाचं, बरं का?"

मग दादाने सगळं सांगितलं. घर रिकामं करताना तोही होता. भांड्यांचा हा ढीग, एकात एक बसवायला लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची. विमलबाईंनी अर्धा ढीग जावेला दिला, दोघींनी आपापल्यातला अर्धा पोरींना, असं करत प्रत्येकीपुढे एकच भांडं उरलं. मग दोघीदोघींनी आपल्या रांगा जुळवायच्या. दोन्ही रांगांच्या तोंडाशी बघायचं, लहान असेल ते आधी उचलायचं...

बोलता बोलता दादाच थांबला.

"आता हेच," सर म्हणाले, "भांडी बाजूला ठेवून सांग, बरं का."

सांगितलं. सुटला.

पुढच्या सत्राला ऑपरेटिंग सिस्टिम आहे. परवा बिल्डर आबाजींकडे सहीला आला तर दादा आधीच पायरीवर बसलेला. आबाजींना कमी ऐकू येतं, म्हणून तो त्यांच्या कानाशी गेला.

"आबाजी, दिवाळीपर्यंत सही नका करू. तुमच्या माजघरात माझा अख्खा विषय हाय."

आबाजींनी बिल्डरकडे सावकाश बघितलं.

"भाडेकरू हाय," ते म्हणाले. "निघंल तवा या."