सहा पेल्यांचं दुखणं

माझ्या थोरल्या नणंदेला घरात सगळे काचताई म्हणतात. मी आपली वन्संच म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "तडा गेलेलं भांडं आणि मोडलेली सोयरीक, पुन्हा वापरायला काढू नये." हे त्या हसत सांगायच्या, म्हणून आम्हीही हसत असू.

एकतीस वर्षं त्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत काचेची भांडी धुण्याच्या कामावर होत्या. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, वाकड्या मानेच्या कुप्या. धुतलेल्या काचेवर पाणी सलग पसरलं तर ती स्वच्छ, थेंब थेंब उरले तर ती अजून घाण, हा त्यांचा धर्म. माझ्या घरी पहिल्यांदा पाणी दिलं तेव्हा त्यांनी पिण्याआधी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. नवी नवरी मी! "बरा आहे," म्हणाल्या आणि प्यायल्या. एवढं प्रमाणपत्र मला आजतागायत पुरलं.

पहिला पेला त्यांना जुन्या बाजारात, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांच्या टोपलीत सापडला. उंच, हाताला कागदासारखा हलका, आणि देठाच्या आत पांढरे दोरे पिळून ठेवल्यासारखे. दुकानदार म्हणाला, "फुलदाणी आहे बाई, एक फूल मावेल." वन्संनी तो उपडा करून बुडावर अंगठा फिरवला. तिथे खरखरीत वण होता. कॉलेजात मोडकी नळकांडी जोडायला एक काच फुंकणारा कारागीर यायचा, त्याच्याकडे बघून त्यांना ठाऊक होतं की तोंडाने फुंकलेली काच सळईवरून तोडली की असा वण राहतो. त्याला त्या बेंबी म्हणायच्या. "बेंबी आहे म्हणजे कुणाच्या तरी पोटचा आहे. यंत्राच्या काचेला बेंबी नसते." पुढे कॉलेजच्याच ग्रंथालयात एका जाड पुस्तकात त्यांना तसलाच पेला दिसला. इटलीतला, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. ताडून बघायला त्यांनी आपला पेला तिथे नेला, आणि त्या दिवशी त्या बस सोडून चालत घरी आल्या, तो हलू नये म्हणून.

मग सव्वीस वर्षांत बावीस नग जमले. दोरेवाले पेले, सोन्याचा चुरा शिंपडलेल्या गुलाबी बशा, एक निळी वाटी, एक सुरई. कुठे म्हातारं माणूस गेलं आणि घर रिकामं होतंय असं कळलं की या पोचायच्या. आमचे हे चिडवायचे, "ताई, लोक सांत्वनाला जातात, तू पेल्याला जातेस."

"दोन्ही करते रे. आधी सांत्वन."

या भांड्यांतून त्या कधी थेंबभर पाणी प्यायल्या नाहीत, आणि ती धुवायला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. धुतल्यावर नग सुती पंच्यावर एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र उपडा, उघड्या हवेत. मगच जागेवर. "काच आतून वाळायला वेळ लागतो," त्या म्हणायच्या.

"काचेला कुठलं आलंय आत-बाहेर, वन्सं?" मी हसायची.

"माणसाला तरी कुठे दिसतं?"

इच्छा त्यांची एकच होती. आपल्यामागे हे बावीस नग एकत्र राहावेत. "विखुरलेल्या घरांतून गोळा केलेत मी. पुन्हा विखरायला नकोत." गावातल्या संग्रहालयाच्या बाईंनी फोटो पाहून होकार दिला होता. प्रत्यक्ष पाहायला यायच्या होत्या.

त्याआधीच वन्सं स्वतःच्याच मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, शेजारची इमारत पाडतायत. खिडकीतल्या पेल्यांवर धूळ बसेल. बघशील ना?" सोळा नग जाळीच्या दाराच्या कपाटात होते. खिडकीजवळच्या उघड्या फळीवर सहा दोरेवाले पेले, सगळ्यांत जुने. त्यांत तो पहिलाही.

मी गेले, तर पेल्यांवर सिमेंटचा थर. मला बघवेना. धुतले. फडक्याने पुसले. चार वाजता दवाखान्यात भेटायची वेळ, बस चुकवायची नव्हती. म्हणून स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकमध्ये एकेक पेला तीन तीन घड्या घालून गुंडाळला, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात बसवला आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. धुळीचा कणसुद्धा शिरणार नाही! माझं मलाच कौतुक वाटलं. वन्संना सांगितलं, "झाकलेत हो नीट." धुतल्याचं बोलले नाही. परवानगी नव्हती ना.

त्यानंतर वन्सं चौदा महिने आमच्याकडे होत्या. चालायची चौकट घेऊन जिना उतरता यायला लागला तेव्हा बाईंना निरोप गेला, आणि आम्ही तिघी त्यांच्या घरी जमलो. कपाटातले सोळा नग छान निघाले. बाई वही-पेन्सिल घेऊन एकेक टिपत होत्या. मग डबा उघडला.

पेले ओले होते. धुतल्यासारखे नव्हे, ताप उतरताना माणूस घामेजतं तसे. काचेवर दुधट साय, आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघाच रेघा. वन्संनी पहिला पेला हातात घेतला. बोटं चिकटली. त्यांनी ती एकमेकांवर चोळली, हुंगली, पेला उजेडात धरला. पलीकडचं काही दिसेना.

"काचेचा आजार आहे हा," बाई हळूच म्हणाल्या.

"लागण होते?" वन्संनी विचारलं.

"नाही हो. जन्मतःच असतो. काच फार नितळ व्हावी म्हणून करणाऱ्याने त्यात चुना कमी घातला की ती कच्ची राहते. उघड्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकते. पण दमट, कोंडलेल्या जागी आतले क्षार पाझरतात. रडते काच. मग मागे फिरवता येत नाही." त्यांनी डब्याचं झाकण उलटून बघितलं. "हे ओले असतानाच बंद झाले होते का?"

"छे," वन्सं म्हणाल्या. "हिने नुसते झाकले. माझे पेले माझ्याशिवाय कुणी धुवत नाही." मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "फार पूर्वी एकदा शेवटच्या पाण्यात आम्लाचा थेंब घातला होता मी. प्रयोगशाळेची सवय. त्यानेच झालं असणार. माझ्याच हातांनी."

मी तिथे उभी होते. तोंड होतं, जीभ होती. बोलले नाही.

बाई म्हणाल्या, सोळा नग घेता येतील, हे सहा नाहीत. आठवड्यात कळवा.

घरी आल्यावर वन्संचं सगळं बदललं. जेवण निम्म्यावर आलं. ते एक वेळ चाललं असतं, पण त्यांनी काचेला हात लावणंच सोडलं. सकाळी स्वतःचा चहाचा ग्लास विसळायच्या त्या, चौकटीला एका हाताने धरून का होईना. आता ग्लास तसाच टेबलावर. मी म्हटलं, "विसळता का?" तर म्हणाल्या, "माझ्या हाताला नको देऊस. हे हात चुकतात हे एकतीस वर्षं कुणालाच कळलं नाही, म्हणून चालले."

ह्यांना राहवेना. "ताई, सहा पेले गेले, जग बुडालं का?"

"तुझं नाही बुडालं."

मी रोज दोन ओळी वहीत लिहिते, लग्न झाल्यापासून. तो दिवस काढला. माझंच वळणदार अक्षर: 'वन्संचे सहा पेले धुतले. पुसून लगेच गुंडाळले. एक काम हातावेगळं झालं, देवाची कृपा.' देवाची कृपा! वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांना दाखवलं. त्यांनी वाचून वही मिटली. मग म्हणाले, "आता सांगून पेले बरे होणार आहेत का? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बैस."

गप्प बसायचं म्हणून सकाळी प्रार्थनेला बसले. वर्षानुवर्षं पाठ असलेले शब्द, पण तोंडी एकच येई: लगेच गुंडाळले, लगेच गुंडाळले. अर्ध्यावर उठले. प्रार्थना अशी अर्धी सोडून मी आधी कधी उठले नव्हते. वही घेतली आणि वन्संच्या पलंगाशी जाऊन उभ्या उभ्या वाचून दाखवलं. आपल्या शब्दांत सांगायला गेले असते तर कुठेतरी गोड केलं असतं.

"पुन्हा वाच," वन्सं म्हणाल्या.

वाचलं.

"'लगेच' लिहिलंयस?"

"हो."

"म्हणजे किती वेळात?"

"अर्ध्या तासात. बस होती चारची."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "एक रात्र उपडे ठेवायचे होते, अगं. एकच रात्र."

"बाई म्हणाल्या ना, आजार जन्माचा होता—"

"माझ्याकडे सव्वीस वर्षं नव्हता तो."

वन्संनी दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, उताणे केले. मग चौकट ओढली, टेबलावरचा चहाचा ग्लास उचलला आणि एकेक पाऊल टाकत मोरीशी गेल्या. ग्लास विसळला. उजेडात धरला. पाणी सलग पसरलं होतं.

त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. काही हवं असलं तर ह्यांना हाक. हे बिचारे दोन खोल्यांमधला टपालवाला झाले. "तिला सांग, मीठ जास्त आहे." मी चार फुटांवर उभी.

पाचव्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या; सगळे नग त्याआधीच पेट्यांतून इथे आणले होते. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, एकत्र राहावेत असं असेल तर बावीसही इथेच ठेव. आमची ना नाही." वन्संनी सोळा नगांवरून एकदा अंगठा फिरवला, प्रत्येकाच्या बेंबीवरून, आणि पेट्या बाईंच्या पुढे सरकवल्या. "घ्या. आजाऱ्यांसाठी निरोगी पोरांना घरी बसवू नये." गाडी गेल्यावर त्या दारातच उभ्या राहिल्या. पाय दुखतील म्हणून मी खुर्ची नेली. बसल्या नाहीत.

सहा पेले आता आमच्याकडे आहेत, जेवणघरात उघड्या फळीवर, ओल्या भिंतीपासून लांब. बाईंनी सांगितल्याप्रमाणे वन्संनी ते एकदा शुद्ध पाण्याने धुतले आणि पंच्यावर उपडे ठेवले. मला हात लावू दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला बोट लावून बघताना मान न वळवता म्हणाल्या, "ती तुझी वही आण."

"कशाला?"

"लिहायला. तुझं लिहिलेलं खरं असतं."

ही शाबासकी होती की टोमणा, मला आजही सांगता यायचं नाही. तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या सांगतात आणि मी लिहिते. दोन ओले, चार कोरडे. एक चिकट, पाच कोरडे. दवाखान्यात पलंगाला तक्ता अडकवलेला असतो तसंच. सलग तीन आठवडे सहाही कोरडे निघाले तेव्हा मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. झालं गेलं विसर, एवढं जरी म्हटलं असतं. म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

परवा जेवणघरात कुणी नसताना फळीवरून टिचकी मारल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहते तर पहिल्या पेल्याचं तोंड देठापासून सुटून आडवं पडलं होतं. धक्का नाही, वारा नाही. आपोआप. वन्सं चौकट घेऊन आल्या. तुकडा उचलून देठाशी नेऊन ठेवला, जुळतो का बघितलं. जुळत होता, पण धरत नव्हता.

मी वही उघडली. तारीख घातली.

"लिही," वन्सं म्हणाल्या. "पाच कोरडे."

"आणि सहावा?"

त्यांनी तुकडा फळीवर ठेवला. "त्याच्यापुढे तुझं 'लगेच' लिही," म्हणाल्या, आणि तुकडे ठेवायला कापूस मागितला. मी ते लिहिलं, आणि कापूसही दिला.