हेटीचा पिवळा राक्षस

आमचा कॉलिन सेहेचाळीस वर्षांचा आहे, नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेत गटारं तपासतो आणि फावल्या वेळात बाहुल्या रंगवतो. बाहुल्या म्हटलं की त्याला मिरच्या झोंबतात. "मिनिएचर म्हण गं, ताई!" अंगठ्याएवढे राक्षस, बुटके, कवट्या धरलेले चेटके. तेराव्या वर्षीही हेच चालायचं; मग पोरी हसायला लागल्या तसं सोडलं. घटस्फोट झाला आणि त्या बाहुल्यांचा डबा आईच्या माळ्यावरून खाली आला.

कारण त्याची मुलगी, हेटी. शनिवार बापाचा. पण पोरगी दहाची झाली आणि तिच्या आईने सांगून टाकलं, यापुढे बापाकडे जायचं की नाही ते हेटीच ठरवेल. बापाकडे होतं काय? टीव्ही आणि पुदिन्याची चटणी घातलेले उकडलेले वाटाणे. म्हणून रंग आले. खोटं कशाला बोलू, पोरगी रमली. चार शनिवार दोघांनी टेबलावरून मान वर केली नाही.

पण बंधुराजांना सुख बोचतं. "रंगाचे पातळ दोन हात, हेटी! थापू नकोस, कोरीव काम बुजतं." हेटीने एक ढेरपोट्या राक्षस घेतला, त्याला पिवळं जॅकेट चढवलं, डोळ्यांवर चष्मा रंगवला, टक्कल गुलाबी केलं. सगळं जाडजूड. मी बघताक्षणी ओळखलं: कामावर निघालेला कॉलिन! हेटीने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

"राक्षस पिवळा कुठे असतो?" कॉलिन म्हणाला.

कॉलिनसारख्या बाहुल्या रंगवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात बारा वर्षांखालच्या मुलांचा गट होता. हेटीने तिथे हाच राक्षस द्यायचं ठरवलं. ती आईकडे परतली आणि या शहाण्याने राक्षस जंतुनाशकाच्या बरणीत बुडवला. या मंडळींची ही जुनी रीत: दिवसभर भिजवायचं, दातांच्या ब्रशने घासायचं, की पुतळा कोरा. मग स्वतः हिरवा रंगवला. नखांत मळसुद्धा भरला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, तो तू होतास!"

"म्हणजे?"

"ते जॅकेट कुणाचं?"

दारामागच्या खुंटीवर त्याचं कामाचं पिवळं जॅकेट लटकत होतं. "पण रंग फार जाड होता, ताई," एवढंच म्हणाला. पोरीला फोन करून सांगायचीही हिंमत झाली नाही.

चर्चच्या हॉलमध्ये हेटीने आपल्या नावाची चिठ्ठी शोधली. चिठ्ठीमागे हिरवा राक्षस.

"जरासा सुधारलाय," बाप पुटपुटला.

तिसरा नंबर आला. म्हणजे चिल्ल्यापिल्ल्यांतसुद्धा साहेबांना दोघं जण भारी पडले! नाव पुकारलं तरी हेटी जागची हलली नाही.

"जा ना, बाबा. तुझा नंबर आलाय."

सगळा हॉल बघत होता. कॉलिनचे कान लाल झाले. मला त्याची जराही कीव आली नाही.

परतताना हेटी माझ्याशेजारी मागे बसली. "आत्या, शनिवारी मी तुझ्याकडे येऊ? पोहायला जाऊ आपण."

गाडी कॉलिन चालवत होता. मी हो म्हटलं.