तहाच्या दिवसाची ओटी

आमच्या गावाला तहाचा भारी गर्व. देवळाली प्रवऱ्याहून तासाभराच्या चालीवर आमचं गाव, ओढ्यापलीकडं दुसरं. मधल्या बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही गावांनी एकमेकांची डोकी फोडलेली. माझ्या जन्माआधी दोन माणसं मेली, तेव्हा कुठं शहाणपण सुचलं. चिंचेखाली बसून तह ठरला: पाणी चार दिवस त्यांचं, चार दिवस आमचं, आणि आमची एक पोरगी त्यांच्यात द्यायची. ती पोरगी म्हणजे माझी आत्या, अकरा वर्षांची. तिला कुणी विचारलं? डोंबलाचं विचारलं!

पोरगी रुसून माहेरी येऊन बसली तर पुन्हा काठ्या निघतील, म्हणून तिनं वर्षातून एकदाच ओढा ओलांडायचा, माघी पौर्णिमेला, तहाच्या दिवशी. तिला वाजतगाजत गाडीतून आणायची, चिंचेखाली ओटी भरायची. मग आबा, म्हणजे माझे वडील आणि तिचे सख्खे भाऊ, दोन्ही गावांपुढं विचारायचे, "बाई, सुखी हायेस का?" ती "व्हय" म्हणायची. नारळ फुटायचा, पंगती बसायच्या. दिवस मावळायच्या आत ती परत.

बहात्तरच्या दुष्काळात ओढ्यात नुसती वाळू उरली. ज्या पाण्यासाठी तह केला त्या पाण्याचा पत्ता नाही, पण तह जागच्या जागी! त्यात आजीनं अंथरूण धरलं. आत्याचे दोनदा निरोप आले, आईला बघून उभ्या उभ्या परत जाते म्हणून. माझं नुकतंच लग्न झालेलं, माहेरपणाला आले होते. मी म्हटलं, "आबा, येऊ द्या की तिला. कोरडा ओढा, कितीसा वेळ लागतोय?"

"तह मोडू म्हनतीस?" आबा खेकसले. "पुनव आलीच की. बघंल तवा."

आजी दाराकडं तोंड करून पडलेली असायची. पाऊल वाजलं की लेकीचं नाव घ्यायची. मी पाणी पाजायची.

पुनवेच्या पहाटेच आजी गेली.

आबा रडले. खोटं कशाला बोलू, ढसाढसा रडले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून म्हणाले, "सुतक कळल्यावर लागतं. नारळ फुटंपातूर आपल्याला काय कळल्यालं न्हाई. कुनी तोंड उघडायचं न्हाई." आजीच्या तोंडावर वाकळ ओढली, दाराला कडी घातली आणि आम्ही ठेवणीतली लुगडी नेसून चिंचेखाली गेलो. त्या वर्षी ओटी भरायचा मान माझा, घरातल्या नव्या सवाष्णीचा. मान म्हणे!

आत्या गाडीतून उतरली ती माझं मनगट धरूनच. "आई कशी हाय गं?"

"बरी हाय," मी म्हणाले. वर आणखी, "तुजी वाट बघतीया."

जीभ झडली नाही माझी.

ओटी भरली. तांदूळ घालताना निम्मे मी खाली सांडले, तिला वाटलं मी नवखी आहे म्हणून. हसली सुद्धा. आबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच ती "व्हय, व्हय" म्हणाली. तिला घर गाठायची घाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला, भाकरी आणि पातळ आमटीवर दोन गावं तुटून पडली. ती पंगतीला बसलीच नाही. ओटीचा पदर तसाच धरून घराकडं निघाली आणि मी मागं.

कडी तिनंच काढली. वाकळ बाजूला केली, आजीच्या पायांना हात लावला. पाय ताठ झालेले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू बरी हाय म्हनालीस, तवा ही गेल्याली हुती?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं पदर सोडून दिला. खण, तांदूळ, नारळ सगळं जमिनीवर पडलं. रडणं मात्र नाही. आबा आले, म्हणाले, "दिवस मावळंल बाई, ऊठ." माती व्हायच्या आधी तिला गाडीत बसवली.

पुढच्या वर्षीच्या पुनवेलाही ती आली. ओटी घेऊन मी पुढं झाले, तर तिनं पदर आवळून धरला आणि आबांना म्हणाली, "हिच्या हातनं नको." मग माझ्या आईनं ओटी भरली. आबांनी विचारलं, ती "व्हय" म्हणाली. माझ्याशी ती शेवटपर्यंत बोलली नाही.