जानव्याला बांधलेली किल्ली

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी गिरगाव दणाणत होतं, तेव्हा मी चाळीतल्या खोलीत एकटाच स्टोव्हवर पिठलं शिजवत असे. सभेला जावंसं वाटे. बरोबर जायला कोणी नव्हतं. एकट्याने घोषणा द्यायची मला लाज वाटे.

फोर्टातल्या कचेरीत माझं काम रेघा मोजण्याचं. पृथ्वीच्या चुंबकत्वातली हालचाल टिपणारी यंत्रं खाडीपलीकडे होती, कारण मुंबईतल्या विजेच्या ट्रामने त्यांची सुई भरकटे. सुई हलली की दिव्याची तिरीप फोटोच्या कागदावर रेघ उमटवी; तिथल्या कोठीत रोज तो कागद लावण्याचं काम माझे वडील करत. आई गेल्यापासून आम्हां बापलेकांत बोलणं असं उरलंच नव्हतं. त्यांनी लावलेले कागद दर आठवड्याला माझ्या टेबलावर येत, त्यावरच मी त्यांची खुशाली समजून घेई.

कोठीत लोखंड न्यायचं नाही, हा नियम. वडील घराची लोखंडी किल्ली जानव्याला बांधत आणि आत जाण्याआधी सोडून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवत. एकदा, ते दिवा तपासायला आत थांबतात नेमक्या त्याच वेळी, रेघ उडून थरथरलेली दिसली. मी शहाण्याने ठरवलं, किल्ली अंगावरच राहिली. साहेबांना कळलं तर वडिलांना निवृत्तीच्या वयानंतर मिळालेली मुदतवाढ जाईल, म्हणून दिव्याचा दोष असा शेरा मारून मी तेवढे आकडे गाळले. वर वडिलांना कार्ड टाकलं, वय झालं, किल्लीचं भान ठेवा.

महिन्याभराने साहेबांनी परदेशातून आलेलं टिपण दाखवलं. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण ध्रुवाजवळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात शिरताना एका उपग्रहाने मोजले होते. अशा कणांनी पृथ्वीभरच्या सुया थरथरतात; आमची रेघ उडाली तोच दिवस, तीच वेळ. आपली रेघ काय म्हणते, असं त्यांनी विचारलं. मी सगळं कबूल केलं. साहेबांनी मला फैलावर घेतलं आणि तो कागद पुन्हा मोजायला लावला.

रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली. वडील ट्रंक भरत होते. माझं कार्ड मिळाल्यावर त्यांनी आपणहून राजीनामा दिला होता, तो मंजूरही झाला होता.

"बाबा, चूक तुमची नव्हती," मी म्हणालो. "ती हालचाल खरी होती."

"किल्ली कट्ट्यावर ठेवलेली मला आठवत होती रे," ते म्हणाले. "पण वर्षभराने तुझं पत्र आलं. त्याला नाही कसं म्हणायचं?"